कादंबरीतल्या यानाला आकार देणारे चाहते

धुळे : ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' या १८७३ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीचा नायक फिलिअस फॉग मुंबईहून आगगाडीत बसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची गाडी खानदेशातून धावू लागते. आपल्या भागाचे वर्णन जगप्रसिद्ध कादंबरीत वाचताना कोणाही खानदेशी वाचकाला आनंदच व्हावा. मात्र पुढच्याच ओळींत तो थबकतो. व्हर्नच्या खानदेशातील नद्या गोदावरीला मिळतात आणि रुळांच्या कडेने कापसाबरोबर कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीचे मळे दिसतात. यातला कापूस तेवढा खरा. गिरणा, पांझरा या नद्या तापीच्या. लवंगा-जायफळाचे मळे तर इथे कोणी पाहिलेले नाहीत. व्हर्न भारतात कधी आलाच नव्हता. पुस्तके आणि नकाशे यांच्या आधारे त्याने खानदेश रचला.

आता एखाद्या चित्रकाराने हा प्रसंग रंगवायचा ठरवला, तर त्याने काय काढावे? पुस्तकातली लवंग की शेतातला कापूस? विज्ञानकथांच्या चाहत्यांनी काढलेल्या चित्रांचा सारा प्रश्न या एका उदाहरणात सामावलेला आहे.

पडद्यावर न आलेली माणसे

'स्टार ट्रेक' आणि 'स्टार वॉर्स' या मालिका-चित्रपटांच्या कथाविश्वात घडणाऱ्या शेकडो स्वतंत्र कादंबऱ्या गेल्या अर्धशतकात प्रसिद्ध झाल्या. त्यांना 'टाय-इन' कादंबऱ्या म्हणतात. मूळ मालिकेतील पात्रांची छायाचित्रे उपलब्ध असतात. पण कादंबरीकाराने नव्याने निर्माण केलेली पात्रे आणि याने यांना चेहराच नसतो. मुखपृष्ठावर एखादे चित्र असले तर असते. बाकी सारे शब्दांत. ही रिकामी जागा चाहत्यांमधले चित्रकार भरून काढतात.

टिमथी झानच्या १९९१ मधील 'एअर टू द एम्पायर' या कादंबरीतला सेनानी थ्रॉन हे त्याचे ठळक उदाहरण. निळी कातडी, लालभडक डोळे, शुभ्र गणवेश असे त्याचे वर्णन. शत्रूची कला अभ्यासून तो शत्रूचे मन ओळखतो, हे त्याचे वैशिष्ट्य. पंचवीस वर्षे हे पात्र प्रामुख्याने पानांवर आणि चित्रांतच वावरले. २०१६ मध्ये 'रिबेल्स' या ॲनिमेशन मालिकेत आणि २०२३ मध्ये 'असोका' मालिकेत ते पडद्यावर आले, तेव्हा वाचकांच्या मनात त्याची प्रतिमा केव्हाच पक्की झालेली होती.

चाहत्याचे यान अधिकृत झाले

याहून बोलका प्रसंग 'टायटन' या यानाचा. 'स्टार ट्रेक : नेमेसिस' या २००२ च्या चित्रपटात कॅप्टन रायकर 'टायटन'ची सूत्रे हाती घेतो, एवढाच उल्लेख आला; यान दिसले नाही. २००५ पासून त्यावर कादंबरीमाला सुरू झाली. यानावरील खलाशी निरनिराळ्या ग्रहांवरचे, त्यातला वैद्य तर डायनासोरसारखा दिसणारा. पण यान कसे आहे, हे वाचकाला ठाऊक नव्हते. प्रकाशकांनी थेट वाचकांसाठीच रेखाटनाची स्पर्धा जाहीर केली. शॉन टुरांजू या चाहत्याचा आराखडा निवडला गेला आणि पुढील कादंबऱ्यांसाठी तोच 'टायटन'चा आकार ठरला. २०२० मध्ये 'लोअर डेक्स' या ॲनिमेशन मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या अखेरीस हेच यान पडद्यावर अवतरले. एका वाचकाने कागदावर काढलेली रेषा पंधरा वर्षांनी अधिकृत कथेचा भाग झाली.

काम कसे चालते?

असे यान मनाला येईल तसे काढता येत नाही. चित्रकार प्रथम कादंबरीतील सर्व उल्लेख एकत्र करतो. किती मजले, किती माणसे, यंत्रकक्ष कुठे, दालनातून कुठले दार उघडते, हे सारे टिपून घेतो. त्यानंतर प्रमाण निश्चित होते. खिडकी आणि दार ही येथे मोजपट्टी ठरते. कारण दार माणसाच्या उंचीचे असणार, आणि त्यावरून मजल्याची व मजल्यांवरून यानाची उंची काढता येते. मग वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन रेखाटने होतात. तिन्हींत विसंगती आढळली, तर चूक चित्रकाराची की लेखकाची, याचा शोध घ्यावा लागतो. पूर्वी हे काम पेन्सिल आणि जलरंगांत होई. आता 'ब्लेंडर'सारख्या मोफत संगणक प्रणालीत यानाची त्रिमितीय प्रतिकृती उभी करता येते.

नेमोचा चेहरा कोणाचा?

आपल्या दृष्टीने या विषयातले सर्वांत महत्त्वाचे पात्र मात्र व्हर्नचेच आहे. 'नॉटिलस' पाणबुडीचा कप्तान नेमो आधी पोलिश सरदार असावा, असा व्हर्नचा विचार होता. रशियातील वाचक दुखावतील म्हणून प्रकाशक हेट्झेलने हरकत घेतली आणि पहिल्या कादंबरीत नेमोचा देश गुप्तच राहिला. त्या कादंबरीच्या १८७१ च्या सचित्र आवृत्तीसाठी रिऊ आणि द नव्हील या चित्रकारांनी युरोपीय चेहऱ्याचा नेमो काढला. पुढे १८७४-७५ मध्ये 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये रहस्य उलगडले : नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला, इंग्रजांनी ज्याचे कुटुंब नष्ट केले असा.

पण तोपर्यंत चित्र छापून झाले होते. शब्द बदलले, चेहरा राहिला. १९५४ च्या डिस्नेच्या चित्रपटात जेम्स मेसन हा इंग्रज अभिनेता नेमो झाला. 'नॉटिलस'चेही तेच. व्हर्नने ती सत्तर मीटर लांबीची, आठ मीटर रुंदीची, सिगारसारखी गुळगुळीत वर्णिली आहे. चित्रपटासाठी हार्पर गॉफने तिला रिव्हेट ठोकलेल्या, पाठीवर दाते असलेल्या जलचराचे रूप दिले आणि तेच असंख्य चाहत्यांनी प्रमाण मानले. नेमोची भारतीय ओळख ठळकपणे चित्रात आणली ती १९९९ पासून निघालेल्या 'लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन' या चित्रकथेत केव्हिन ओनीलने. २००३ च्या चित्रपटात नसिरुद्दीन शाह यांनी ही भूमिका केली.

चित्राचे सामर्थ्य आपल्याकडे नवे नाही. राजा रविवर्मा यांनी पुराणांतील नायिकांना दिलेली रूपे त्यांच्या छापखान्यातून घरोघरी पोहोचली आणि देवदेवतांचे चेहरे लोकांच्या मनात कायमचे ठरून गेले. म्हणूनच पहिले चित्र कोण काढतो, याला महत्त्व आहे. भा. रा. भागवत यांनी व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला. त्या वाचकांच्या मनातला नेमो कसा दिसत होता, हे कागदावर फारसे उतरलेच नाही.

कायदा काय सांगतो?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या साहित्यकृतीला संरक्षण मिळते. व्हर्नचे निधन १९०५ चे. त्यामुळे त्याच्या मूळ शब्दांवरून नेमो वा 'नॉटिलस' रंगवून ती चित्रे कोणीही विकू शकतो. नंतरच्या चित्रपटांसाठी तयार झालेले आराखडे आणि अलीकडची भाषांतरे यांची गोष्ट वेगळी. 'टायटन' किंवा थ्रॉन यांची चित्रे हौसेने काढण्याकडे हक्कधारक कंपन्या अनेकदा काणाडोळा करतात. परंतु टी-शर्ट वा पोस्टर छापून विक्री करायची, तर परवानगी हवीच. ज्या नवोदितांना आपल्या चित्रांतून उत्पन्नही हवे आहे, त्यांनी हा भेद ध्यानात ठेवलेला बरा.

पारोळ्याचा किल्ला

नेमोचे नवे चित्र काढू इच्छिणाऱ्याला खानदेशात साधनांची वाण नाही. धुळ्याहून जळगावकडे जाताना वाटेत पारोळे लागते. तेथील भुईकोट किल्ला बुंदेलखंडातल्या झाशीच्या नेवाळकर घराण्याशी निगडित. १८५७ नंतर इंग्रजांनी ही मालमत्ता जप्त केली. डक्कार काल्पनिक, पण त्याच्यासारखा उठावात सर्वस्व गमावलेला राजपुरुष कशा भिंतींच्या आत वाढला असेल, याची कल्पना तेथील खंदक आणि बुरूज पाहून करता येते. व्हर्नला हे दिसले नव्हते. पॅरिसच्या चित्रकारांनाही नाही.

फॉगच्या गाडीच्या खिडकीतून लवंगांऐवजी कापूस दाखवणे आणि नेमोला त्याचा बुंदेली चेहरा परत देणे, ही दोन्ही चित्रे काढायची आहेत. इथल्या एखाद्या वाचकाच्या हातून ती उतरली, तर दीडशे वर्षांपूर्वीची चूक दुरुस्त होईल.