बिघडलेल्या फायलीतला पुरावा

व्हॉट्सअ‍ॅपवरचे आपले संदेश आपल्या फोनमध्येच एका फायलीत साठवलेले असतात. ती फाइल सांभाळते ‘एसक्यूलाइट’. रिचर्ड हिप यांनी २००० साली लिहिलेला हा डेटाबेस आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. बँकेच्या डेटाबेससारखा तो वेगळ्या सर्व्हरवर चालत नाही. अ‍ॅपच्याच पोटात राहतो, अ‍ॅपच्याच मेमरीत काम करतो. म्हणूनच तो हलका आणि वेगवान आहे. पण यामुळेच अ‍ॅपच्या कुठल्याही कोपऱ्यातली चूक त्याच्या फायलीपर्यंत पोहोचू शकते.

ऑगस्ट २०१३च्या अखेरीस हा अनुभव खुद्द हिप यांच्याच प्रकल्पाला आला. ‘फॉसिल’ ही प्रोग्रामच्या आवृत्त्या जपणारी त्यांची प्रणाली आपला सारा इतिहास एसक्यूलाइटच्या फायलीत ठेवते. तिचे मुख्य भांडारच एकाएकी बिघडले.

युनिक्सच्या घराण्यातल्या संगणकांत उघडलेल्या प्रत्येक फायलीला एक क्रमांक मिळतो. ०, १ आणि २ हे क्रमांक प्रथेने राखीव असतात. त्यांतला २ चुकांचे संदेश छापण्यासाठी. पण हा नुसता रिवाज आहे, सक्ती नाही. नव्या फायलीला सगळ्यांत लहान मोकळा क्रमांक द्यायचा, एवढेच यंत्रणेला ठाऊक. त्या प्रसंगी क्रमांक २ आधीच चुकून बंद झाला होता, म्हणून तो डेटाबेसच्या वाट्याला आला. पुढे प्रोग्राममध्ये दुसरीच एक चूक घडली आणि तिचा संदेश नेहमीप्रमाणे क्रमांक २ वर लिहिला गेला. लॉजच्या खोलीतला पाहुणा बदलावा आणि जुन्याचे टपाल नव्याच्या हाती पडावे, तसे झाले. संदेश थेट डेटाबेसच्या फायलीत उमटला आणि तिचा काही भाग पुसला गेला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.८.१ या आवृत्तीपासून एसक्यूलाइट हे तीन क्रमांक डेटाबेससाठी वापरतच नाही.

२०१४ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी आयफोनवरच्या अशाच बिघाडाचा माग काढला. डेटाबेसच्या जागी त्यांना नेटवर्कवरून जाणारा सांकेतिक मजकूर सापडला. नेटवर्कची जोडणी बंद झाली होती, तिचा क्रमांक डेटाबेसला मिळाला होता आणि प्रोग्रामचा एक भाग जुन्याच क्रमांकावर लिहीत राहिला होता.

मला या दोन्ही तपासांतली एकच गोष्ट फार मोलाची वाटते: चुकीच्या जागी काय लिहिले गेले, यावरून ते कोणी लिहिले हे कळते. एसक्यूलाइटची ‘इंटिग्रिटी चेक’ ही आज्ञा फाइल मोडली आहे का आणि कुठे, एवढेच सांगते. कोणी मोडली, हे त्या बाइटांतच वाचावे लागते. अर्थात प्रत्येक बिघाड असा बोलका नसतो. प्रोग्राम मध्येच बंद पडल्यावर मागे राहिलेली, अर्धवट बदल मागे घेण्यासाठीची ‘जर्नल’ फाइल कचरा समजून उडवली, किंवा लिहिणे चालू असताना नुसती मुख्य फाइल कॉपी करून तिलाच बॅकअप मानले, तरी डेटाबेस मोडू शकतो. काही डिस्क तर मजकूर प्रत्यक्ष उतरण्याआधीच ‘लिहिले’ म्हणून कळवतात. तेवढ्यात वीज गेली की संपले.

अँड्रॉइडची मूळ सोय मात्र पुरावा जपण्याच्या नेमके उलटे करते. डेटाबेस बिघडल्याचे कळताच ती फाइलच पुसून टाकते. अ‍ॅप पुन्हा सुरळीत चालू होते, वापरणाऱ्याच्या नोंदी जातात आणि बिघाडाचे कारण शोधायला हाती काही उरत नाही. ही सोय मला घातक वाटते. अ‍ॅप लिहिणाऱ्यांना ती बदलता येते आणि त्यांनी ती बदलावी. बिघाड दिसताच मुख्य फाइल आणि तिच्याशेजारच्या ‘जर्नल’ किंवा (नवे बदल आधी जिथे लिहिले जातात त्या) ‘वॉल’ फायली, आहेत तशा, आधी बाजूला कॉपी करून ठेवा. दुरुस्तीला हात त्यानंतरच लावा, आणि तोही त्या प्रतीवर.