करवतीचे शिक्षण

उद्यानविद्येच्या चार वर्षांच्या पदवीसाठी पुण्यात येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या मनात डाळिंब, द्राक्ष किंवा फार झाले तर हरितगृहातला गुलाब असतो. आणि शहरातील वृक्ष, उद्याने, हिरवळी यांचा विचार करणारी जी शाखा आता पर्यावरणीय उद्यानविद्या म्हणून ओळखली जाऊ लागली आहे, तिच्याकडे ती गुण पदरात पाडून घेण्याचा सुलभ विषय म्हणून पाहतात. बंगल्यापुढे कुंड्या मांडायच्या, त्यात कसले आले शास्त्र, असा एकंदर सूर असतो. हा समज पहिल्या काही प्रात्यक्षिकांपलीकडे टिकत नाही.

पुण्याला या विद्येची परंपरा जुनी आहे. गणेशखिंडीतील वनस्पती उद्यान 1873 साली उभे राहिले, आणि त्याची अधीक्षकी पाहिलेले व हिंदुस्थानातील बागकामावर ग्रंथ लिहिणारे वुड्रो पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व कृषिविद्या शिकवीत असत. बाग व व्याख्यानपीठ यांच्यात असा घरोबा असल्यामुळे येथील शिक्षणाचा आरंभ आराखड्यांच्या कागदापासून न होता रोपवाटिकेतील चिखलापासून झाला, हे मी सुदैव समजतो. आजही विद्यार्थ्याला प्रथम चाकू हाती घ्यावा लागतो. गुटी बांधताना फांदीच्या सालीचे इंच-सव्वा इंच रुंदीचे कडे काढायचे, खालचा बुळबुळीत थर खरवडून टाकायचा, ओले शेवाळ लपेटून वर प्लास्टिकची पट्टी घट्ट आवळायची. एवढेच ते काम. पण तो थर तसाच राहिला, तर साल पुन्हा सांधली जाते आणि मुळ्या फुटत नाहीत. कारण पाणी आतल्या काष्ठातून वर चढत राहिले तरी पानांनी तयार केलेले अन्न सालीतून खाली उतरण्याची वाट बंद होऊन ते कापाच्या वरच्या बाजूस साठले, तरच तेथे मुळ्यांचा उद्भव होतो. अंजिराच्या किंवा डाळिंबाच्या गुटीचा निकाल दीड-दोन महिन्यांनी लागतो. तोवर कोणी काय केले होते हे गुटी बांधणाराही बहुधा विसरलेला असतो.

परंतु या अभ्यासाचे खरे मर्म मला करवतीच्या प्रात्यक्षिकात आढळले. महाविद्यालयाच्या आवारातील एका पर्जन्यवृक्षाची वाळलेली फांदी उतरवायची होती, आणि प्राध्यापकांनी करवत हाती देण्यापूर्वी सगळ्या वर्गाला ती फांदी जेथून निघते तेथे बोटे फिरवायला लावली. फांदीच्या बुडाशी, गळ्यावरील वळीसारखा, एक किंचित फुगवटा असतो; मुले त्याला ‘कॉलर’ म्हणतात. तो खोडाच्या ऊतींचा भाग असल्यामुळे त्याला धक्का लावायचा नसतो. म्हणून पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर खालच्या बाजूने, तिसरा हिस्सा खोलीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे फांदी आपल्या भाराने मोडताना खोडाची साल सोलपटून नेत नाही. आणि उरलेला खुंट तिसऱ्या कापाने, फुगवट्याच्या लगत पण बाहेर. “अरे, खोडाला लावून सफाईदार कापू नकोस, सफाई सुताराला शोभते,” असे प्राध्यापक एका उत्साही मुलाला म्हणाले, आणि मग त्यांनी अ‍ॅलेक्स शायगो या अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञाचे काम सांगितले. यांत्रिक करवतीने हजारो खोडे उभी चिरून शायगो यांनी दाखवून दिले, की वृक्षाची जखम प्राण्याच्या जखमेसारखी भरून येत नाही; वृक्ष बाधित काष्ठाभोवती भिंती उभारतो, त्याला कोंडून टाकतो आणि त्याच्या बाहेरून नवे काष्ठ वाढवीत जातो. खोडाला लागून घेतलेला काप या भिंतींच्याच पायावर घाला घालतो. त्याचे फळ पुढे पंधरा-वीस वर्षांनी, पोकळ झालेले झाड वळवाच्या वाऱ्यात एखाद्या रिक्षावर कोसळते तेव्हा, दृष्टीस पडते. आणि त्या वेळच्या पंचनाम्यात करवत धरणाऱ्या हाताचा उल्लेख अर्थातच नसतो. कापावर डांबर फासण्याच्या सार्वत्रिक शिरस्त्यालाही या संशोधनाने आधार उरलेला नाही. फळबागेत छाटणीनंतर बोर्डो मलम लावायला दुसऱ्या तासाला शिकलेली मुले येथे हटकून वाद घालतात, आणि तो वाद मला पाठ्यपुस्तकातील प्रकरणापेक्षा उपयुक्त वाटला.

जमिनीखालचा भाग त्याहून अवघड. वृक्षाची बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांतच, पण पर्णसंभाराच्या घेराबाहेरपर्यंत पसरलेली असतात. खोडाशी थेट भिडवलेले काँक्रीट त्यांची हवा आणि पाणी दोन्ही तोडते. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीत प्रत्येक झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी करण्याचा हुकूम दिला, तो यासाठीच. आमच्या नगरांत पदपथाचा ठेकेदार आणि उद्यान खाते यांची गाठ बहुधा झाड वाळल्यावर पडते.

ही विद्या पोटापाण्याला कोठे लागते, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. काही मुले सोलापूर रस्त्यावरील रोपवाटिकांत जातात, काही बंगले व गृहसंकुले यांच्या बागांची कामे घेतात. पण मला महत्त्वाची वाटते ती नोकरी दफ्तरातली आहे. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतील झाडांसाठी 1975 चा अधिनियम आहे. त्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडास वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी सहा-आठ फूट उंचीची रोपे लावून ती सात वर्षे सांभाळण्याची जबाबदारी आली. म्हणजे वय ठरविणाऱ्याच्या एका आकड्यावर सारा व्यवहार. सागाच्या काष्ठात वर्षागणिक वलये स्पष्ट उमटतात. पुष्कळ उष्णकटिबंधीय झाडांत ती भरवशाची नसतात, आणि झपाट्याने वाढणाऱ्या गुलमोहराचा घेर पाहून वय सांगणारा माणूस सहज फसतो. उभे झाड कोणी चिरून पाहात नाही. तेव्हा जाती, घेर, जमीन, जुनी छायाचित्रे, इमारतीचे जुने नकाशे अशा पुराव्यांवरून अनुमान बांधावे लागते, आणि अर्जदाराचे वजन आणि वरिष्ठांची घाई या दोहोंपुढे त्यावर सही करावी लागते.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना याच धर्तीचा एक हिशेब करायला दिलेला मी पाहिला: चाळीस वर्षांचे एक झाड तोडले, तर चाळीस रोपांचा सात वर्षांचा खर्च काढा. बहुतेकांनी खड्डे, शेणखत, रोपे आणि लागवडीची मजुरी चोख मांडली होती. उन्हाळ्यातील टँकर, माळ्याचा पगार, मेलेल्या रोपांच्या जागी लावायची नवी रोपे आणि जनावरांपासून राखणीचे कुंपण हे रकाने प्राध्यापकांनी लाल शाईने भरले, आणि बेरीज करून आणण्यासाठी कागद परत दिले.