समुद्रपूर = "कापूस"

पायथन ३ मध्ये वरची ओळ जशीच्या तशी लिहून पाहा, बिनतक्रार चालते! डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या ३.० पासून व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवता येतं; काना-मात्रा, जोडाक्षरं, सगळं मान्य. पायथन २ मध्ये इथेच सिंटॅक्स एरर यायची. आपल्या वर्धा जिल्ह्यात प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांना हे जरूर दाखवा.

राखीव शब्द, म्हणजे कीवर्ड, मात्र नाव म्हणून चालत नाहीत, आणि त्यांची यादी आवृत्तीगणिक बदलते. २०१८ च्या ३.७ मध्ये 'एसिंक' राखीव झाला, तेव्हा सेलरी या लायब्ररीला त्या नावाच्या फाइलचं नाव बदलावं लागलं. मला २०२१ च्या ३.१० चा मार्ग जास्त समंजस वाटतो: 'मॅच' ठरावीक जागीच कीवर्ड ठरतो, त्यामुळे जुना कोड शाबूत राहतो.