मनोरुग्णाचे कुटुंब आणि स्वमदत गट

घरात कोणाचे हाड मोडले तर गल्लीतले लोक विचारपूस करायला येतात, डबा पाठवतात. मुलाला मनाचा आजार झाला की मात्र घरचेच दार लावून घेतात. बाहेर कळले तर बहिणीचे लग्न जमणार नाही ही भीती असते, आणि ती अगदीच खोटी नसते. हळूहळू नातेवाईकांकडे जाणे थांबते. आई लग्नकार्याला जात नाही, कारण मुलाजवळ कोणीतरी हवे. आजारी एक असतो, पण कोंडले जाते सगळे घर.

हा कोंडमारा ज्यांनी स्वतः भोगला आणि इतरांचा हलका करण्यासाठी संस्था उभी केली, ते डॉ. जगन्नाथ वाणी आपल्या खानदेशचे, धुळ्याकडचे. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात ते प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. त्या अनुभवातून त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. अतुल कुलकर्णी यांची प्रमुख भूमिका असलेला ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट याच आजारावर आहे आणि त्यामागेही वाणी सरांचे पाठबळ होते. २०१७ मध्ये ते वारले.

स्किझोफ्रेनिया हा बहुधा ऐन तारुण्यात सुरू होणारा आजार. कोणी नसताना आवाज ऐकू येतात, आपल्याविरुद्ध कट चालला आहे असे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे तीनशे माणसांमागे साधारण एकाला तो असतो. म्हणजे भुसावळसारख्या शहरात अशी कितीतरी घरे असणार, एकमेकांना माहीत नसलेली.

स्वमदत गटात अशी घरे एकत्र बसतात. तेथे रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. ‘वेडा’ हा शब्द ऐकून ऐकून थकलेल्या आईला या दोन शब्दांनी किती बरे वाटत असेल! गट म्हणजे उपचार नव्हे. औषध डॉक्टरांनीच द्यायचे. परंतु मुलगा ‘मी बरा आहे’ म्हणून गोळ्या बंद करतो तेव्हा काय करायचे, हे त्याच प्रसंगातून गेलेला बाप अधिक नेमके सांगतो. आवाज खरे की खोटे यावर वाद घालू नये, त्याला वाटणारी भीती मात्र खरी मानावी, एवढे कळायलाही काही घरांना वर्षे लागतात.

यामागे शास्त्रही आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासात दिसले, की ज्या घरात रुग्णावर सतत टीका, राग-राग होतो तेथे आजार उलटण्याचे प्रमाण जास्त असते. याचा अर्थ घरच्यांमुळे आजार होतो असा मुळीच नाही. पण थकलेला माणूस चिडतो. त्याला मन मोकळे करायला जागा मिळाली तर त्याचा फायदा रुग्णालाच होतो.

गटातून व्यवहाराची माहितीही मिळते. बँकेत काउंटरवर बसत असल्याने एक सांगतो. केंद्र सरकार व रेल्वेच्या नियमांत मुलांना कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे २५ वर्षांच्या वयापर्यंतच मिळते. पण मानसिक आजारामुळे जो कमवू शकत नाही त्याला ते अटींवर पुढेही, आयुष्यभर मिळू शकते. आपल्या रेल्वेच्या गावात हे प्रत्येक पेन्शनर घराला ठाऊक हवे. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि कार्यालयाकडील नोंद आई-वडील हयात असतानाच करून घ्यावी. नंतर धावपळ करायला माणूस उरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मानसिक आजाराचा समावेश आहे.

आता मोबाईलवरही असे गट असतात. पुण्याला जाणे ज्यांना जमत नाही त्यांना, आणि रात्री दोन वाजता जागणाऱ्या बहिणीला, त्यांचा आधार मोठा. मात्र दुसऱ्याच्या मुलाला लागू पडलेली गोळी आपल्या मुलाला सुरू करू नये, आणि रुग्णाचा फोटो किंवा नाव पुढे पाठवू नये.

भुसावळात सुरुवात करायला फार काही लागत नाही. महिन्यातला एक ठरलेला रविवार, विहाराचे सभागृह, चार घरे आणि येथे ऐकलेले बाहेर न्यायचे नाही हा नियम. मानसशास्त्र शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी सतरंजी घालण्यापासून मदत करावी. आणि तोपर्यंत कोणाला अडचण आली तर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो; मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.