दलदलीतील अदृश्य श्रमिक

सांडपाण्याच्या डबक्यात पाणकणसे माजली की पाणी हळूहळू निवळते, हा अनुभव जुना आहे. परंतु त्याचे सारे श्रेय वनस्पतीला देणे न्याय्य नव्हे. ती स्वतः शोषून घेते तो नत्र बहुधा थोडाच असतो आणि वेळेवर कापणी झाली नाही, तर पाने कुजताच तोही पाण्यात परततो. खरे काम चालते ते मुळांभोवतीच्या चिखलात.

या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. वनस्पती पानांवाटे आलेली हवा देठातील पोकळ्यांतून मुळांपर्यंत पोचविते आणि तिचा काही अंश बाहेर झिरपतो. त्यायोगे प्रत्येक मुळीभोवती प्राणवायूचे पातळ कवच तयार होते. त्यात वसणारे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. केसभर पलीकडे, प्राणवायूवाचून जगणारे दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा नत्रवायू करून हवेत सोडतात. मुळांतून पाझरणारी शर्करा ही या मंडळींची मजुरीच म्हणावयाची! शिसे वा क्रोमियम यांचा नाश मात्र कोणताही जिवाणू करू शकत नाही. हे धातू गाळात अडकून राहतात, इतकेच.

जर्मनीत केटे झायडेल यांनी १९५० च्या दशकात या दिशेने प्रयोग आरंभिले, आणि १९७४ मध्ये ओथफ्रेझेन येथे अशी वनस्पतियुक्त शुद्धीकरण-वाफ्यांची योजना प्रत्यक्षात आली. तीस वीज अत्यल्प लागते, जागा मात्र भरपूर. नेमक्या याच ठिकाणी शास्त्राचा प्रश्न अर्थशास्त्राचा होतो.

कलकत्त्याच्या पूर्वेकडील सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ प्रदेश महानगराचे सांडपाणी घेऊन त्यावर मासळी व भाजीपाला पिकवितो. तेथील ‘भेडी’ म्हणविणाऱ्या मत्स्यतळ्यांत मुख्य काम ऊन, शेवाळ आणि जिवाणू करतात. आपल्याकडे बदनाम झालेली जलपर्णी तेथे काठाने राखली जाते, कारण ती लाटांपासून बांध वाचविते आणि तिची झुबकेदार मुळे जिवाणूंना आसरा देतात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने १९८० च्या दशकात या व्यवस्थेचे मोल प्रथम जगापुढे मांडले. १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने भराव घालण्यास मनाई केली, २००२ मध्ये रामसर यादीत नोंद झाली. तथापि बेकायदा भराव थांबलेले नाहीत. भूखंडाचा भाव ठरताना त्या चिखलातील जिवाणूंचे काम कोणी हिशेबात धरीत नाही. भेडी बुजली, तर तेच काम यंत्रांकडून करून घ्यावे लागेल, आणि त्या यंत्रांच्या विजेचे देयक करदात्याकडे दरमहा येईल.