एलईडी पट्टीसाठी सुटसुटीत बॅटरी : निवड व जोडणी

स्नेहसंमेलनाचा रंगमंच, विज्ञान-प्रदर्शनातील प्रतिकृती, किंवा सायंकाळच्या अभ्यासवर्गात ऐन वेळी वीज गेल्यावर लागणारा उजेड, अशा प्रसंगी एलईडी दिव्यांची पट्टी शाळांस फार सोयीची पडते. परंतु तिला हाती येईल ती बॅटरी जोडण्याची चूक पुष्कळदा होते. मग घटकाभरात दिवे मंदावतात, अथवा तारा तापून धोका उत्पन्न होतो. बॅटरी अंदाजाने नव्हे, हिशोबाने निवडावयाची असते. आणि तो हिशोब इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यासही करता येण्याजोगा आहे.

(१) दाब : साधी पट्टी बहुधा १२ व्होल्टची असते. पांढऱ्या दिव्यास सुमारे ३ व्होल्ट लागतात. असे तीन दिवे एकापुढे एक जोडून उरलेला दाब लहानशा रोधावर खर्च केलेला असतो. तीन-तीन दिव्यांचे हे गट परस्परांशी समांतर जोडलेले असतात. म्हणून पट्टी खुणेच्या जागीच कापावी. ५ व्होल्टच्या पट्ट्याही मिळतात. त्यांस १२ व्होल्टची बॅटरी लावल्यास त्या जळतात. यास्तव वेष्टनावरील आकडा आधी वाचावा.

(२) खर्च : दर मीटरला ४.८ वॅट घेणारी २ मीटर पट्टी घेतली, तर एकूण ९.६ वॅट होतात. यास १२ ने भागले असता ०.८ अँपिअर प्रवाह येतो. दिवे ४ तास हवे असतील, तर ०.८ × ४ = ३.२ अँपिअर-तास एवढा साठा लागेल.

(३) निवड : शिसे-आम्ल प्रकारची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी या कामास पुरते. ती टिकावी म्हणून निम्माच साठा, म्हणजे ३.५ अँपिअर-तास, वापरावा. ती स्वस्त, पण जड असते. लिथियम-लोह-फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे चार घट असलेली तयार बॅटरी हलकी असते व तिचा सुमारे ८० टक्के साठा वापरता येतो. मात्र तिच्यात संरक्षक मंडल आहे याची खात्री करून घ्यावी. प्रतिकृतीतील अर्ध्या मीटरच्या पट्टीस ०.२ अँपिअरच लागतो. तेथे आठ पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले की एक संध्याकाळ निभावते. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मात्र घेऊ नये. तिचा दाबही अपुरा व साठाही तुटपुंजा.

(४) सुरक्षितता : १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून पुष्कळ जण निर्धास्त राहतात. परंतु बॅटरीची दोन टोके चुकून जुळली, तर क्षणात अनेक अँपिअर प्रवाह वाहून तार लाल होते व हात भाजतो. यासाठी धन टोकाच्या अगदी जवळ २ अँपिअरचा फ्यूज बसवावा, त्यापुढे बटण, आणि मग पट्टी. धन व ऋण खुणा जुळवाव्यात. टोके झाकावीत. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सुटे लिथियम घट मुलांच्या हाती कदापि देऊ नयेत. घटावर डाख देण्याचे काम तर त्यांजकडून मुळीच करवू नये.

(५) निगा : चार्जर बॅटरीच्या जातीचाच असावा. चार्ज होत असता दाब १४ व्होल्टांच्या वर जातो; त्या वेळी पट्टी लावू नये. शिसे-आम्ल बॅटरी रिकामी ठेवल्यास निकामी होते. म्हणून वापरानंतर ती लगेच भरावी व मे महिन्याच्या सुटीतही एकदा चार्ज करावी. निकामी बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी.

शिक्षकांनी हा हिशोब प्रथम फळ्यावर मुलांकडूनच करवून घ्यावा, मग बॅटरी आणावी. दिवे किती तास चालले हे मुलांनी घड्याळ लावून पाहावे, आणि उत्तराशी ताडून पाहावे. गणित व विज्ञान यांचा मेळ त्यांना त्या उजेडात आपोआप उमगेल.