माहेर : शुक्रवार पेठ, सोलापूर

विस्मरणाचा विकार जडलेले वडीलधारे माणूस आपल्या घरात असेल, तर एक वाक्य आपल्या चांगल्या परिचयाचे असेल. दिवेलागणीच्या सुमारास ते माणूस उठते, पिशवीत दोन कपडे भरते आणि दाराशी जाऊन म्हणते, "चला, मला घरी जायचे आहे." ज्या घरात पन्नास वर्षे काढली, त्याच घराच्या उंबरठ्यावर उभे राहून हे म्हटले जाते. माझी आई गेले वर्षभर हे म्हणत आहे. तिचे वय चौऱ्याऐंशी. घर म्हणजे कोठे, असे विचारले की उत्तर ठरलेले असे : "शुक्रवार पेठेत."

शुक्रवार पेठ पुण्यातही आहे. एकदा माझ्या भावाने तिला रिक्षाने तेथून फिरवून आणले. रिक्षातून न उतरताच ती म्हणाली, "ही नव्हे रे. इथे भोंगा कुठे वाजतो?" तेव्हा आमच्या लक्षात आले की ती सोलापूरची शुक्रवार पेठ म्हणते आहे. तिचे माहेर. जेथे गिरणीच्या भोंग्यावर घड्याळे लावली जात आणि जेथून ती विसाव्या वर्षी लग्न होऊन बाहेर पडली.

तिला तेथे न्यावे की नाही, यावर घरात बराच खल झाला. भावाला वाटे, न्यावे. तिची इच्छा पुरी होईल. मला भीती वाटत होती. वाडा उरलेला नाही, हे आम्हांला ठाऊक होते. डोक्यात जपलेले घर प्रत्यक्षात नाही, हे पाहून तिचे काय होईल? डॉक्टरांनी सांगितलेले मला पटले. अशा रुग्णाची ताजी आठवण पुसली जाते, पण जुनी पुष्कळ काळ टिकते. त्यामुळे जुन्या जागा सुखही देतात आणि गोंधळही वाढवतात. न्यायचे तर सावकाश न्यावे, एका दिवसात एकच जागा दाखवावी, आणि दमणूक दिसली की उरलेला बेत बिनदिक्कत सोडून द्यावा.

आपणही असा बेत करणार असाल तर शनिवार-रविवारला सोमवारचा अर्धा दिवस जोडावा. पुणे ते सोलापूर हे अंतर सुमारे २६० किलोमीटर. रेल्वेने चार तासांच्या आसपास. हुतात्मा एक्सप्रेस सोयीची खरी, परंतु ती पुण्याहून संध्याकाळी सुटते आणि रात्री दहाच्या सुमारास पोहोचवते. विस्मरणाच्या रुग्णाचा अस्वस्थपणा नेमका संध्याकाळी वाढतो, म्हणून आम्ही सकाळची गाडी धरली. उन्हाळ्यात तर सोलापूरचा विचारही करू नये; एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास असतो. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. ती पाहण्याजोगी, पण त्या गर्दीत चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला नेणे धोक्याचे. आम्ही डिसेंबर निवडला.

सामानाविषयी थोडे. औषधे दोन दिवसांची जास्त घ्यावीत, ती हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि चिठ्ठी सोबत असावी. रुग्णाच्या खिशात नाव व आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा. रेल्वेतील शौचालयाच्या धास्तीने वृद्ध माणसे पाणी पिण्याचे टाळतात. हे अंगाशी येते, कारण शरीरातील पाणी कमी झाले की गोंधळ एकाएकी वाढतो आणि आपल्याला वाटते, आजारच बळावला. दर तासाला चार घोट द्यावेत. पाय लोंबकळत ठेवून फार वेळ बसवू नये. पावले वरखाली हलवायला सांगावीत. आईच्या अंगावर घालायची चादर आम्ही पुण्याहून नेली. ती चादर सोलापूरचीच, लग्नात आलेल्यांपैकी शेवटची. सोलापूरला सोलापुरी चादर घेऊन जाणारे आम्हीच असू, पण अनोळखी खोलीत ओळखीचा वास फार उपयोगी पडतो.

राहण्याची जागा मात्र आम्ही नीट पाहिली नाही. लिफ्ट आहे एवढे विचारून एका लॉजवर खोली घेतली. न्हाणीघरात धरायला दांडी नव्हती, फरशी गुळगुळीत. पहिल्याच संध्याकाळी आईचा पाय सरकला. मी दारातच होते म्हणून सावरले. आपण खोली ठरवताना न्हाणीघर डोळ्यांनी पाहूनच पैसे द्यावेत. रात्रीसाठी छोटा दिवा सोबत न्यावा, आणि पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट मोकळी ठेवावी.

शनिवारी दुपारी जेवण व झोप झाल्यावर आम्ही रिक्षा करून शुक्रवार पेठेत गेलो. वाड्याच्या जागी तीन मजली इमारत उभी आहे; खाली दुकाने. आईने तिच्याकडे पाहिलेही नाही. मी मनाची जी तयारी केली होती, ती सारी वाया गेली. जे नव्हते त्याचे तिला दुःख झाले नाही, कारण ते नाही हेच तिला जाणवले नाही. मग माणिक चौकाजवळ आजोबा गणपती आला. हा सार्वजनिक गणपती १८८५ सालापासूनचा, लोकमान्यांच्या उत्सवाच्याही आधीचा, असे सोलापूरकर अभिमानाने सांगतात. तेथे आईने चपला काढल्या, पदर सावरला आणि भावाला म्हणाली, "खाली वाक. आजोबा आहेत." हीच वाक्ये तिने आम्हांला लहानपणी सुटीत आल्यावर ऐकवली होती.

परत येताना एक फुटाणेवाली बसलेली दिसली. आई थांबली आणि तिला विचारती झाली, "ऊटा आतेन्री?" जेवण झाले का, एवढाच त्याचा अर्थ. आई कानडी बोलते, हे मला साठ वर्षांत ठाऊक नव्हते. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत नांदतात. शेजारणीशी बोलता बोलता मुले शिकतात. बालपणी शिकलेली भाषा या आजारात पुष्कळदा अखेरपर्यंत साथ देते, असे नंतर डॉक्टरांनी सांगितले. त्या दोघी पाच-सात मिनिटे बोलत होत्या. काय बोलल्या ते आम्हांला कळले नाही, आणि आम्ही विचारलेही नाही.

त्याच संध्याकाळी, लॉजवर, दिवे लागताच आईने पिशवी उचलली. "चल, घरी जाऊ." मी म्हटले, "आई, आपण तुझ्या माहेरीच आलो आहोत. मघाशी गणपती पाहिला ना?" "ते झाले ग. आता घरी जाऊ. ते जेवायचे थांबले असतील." ते म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. त्या संध्याकाळी तिचे घर पुण्यात होते.

येथे माझे चुकले. मी दमले होते, मघाच्या घसरण्याने हादरलेही होते, आणि इतक्या खटाटोपावर पाणी पडल्यासारखे वाटले. मी तिला बाबा गेल्याचे स्पष्ट सांगितले. तिने ते जणू प्रथमच ऐकले. आई लहान मुलासारखी रडली. असे सांगू नये हे मी वाचलेले होते, सांगणाऱ्यांना बजावलेलेही होते. भावाने मला बाहेर पाठवले, तिच्या अंगावर चादर घातली आणि कडक भाकरी कशी करतात ते विचारत बसला. अर्ध्या तासाने ती झोपली. अशा प्रवासात सांभाळणारी माणसे दोन असावीत, हे मी त्या रात्रीच्या अनुभवावरून लिहीत आहे.

रविवारी सकाळी आम्ही भैया चौकात डॉ. कोटणीस स्मारक पाहायला गेलो. सोलापूरला येणारे सिद्धेश्वर पाहून पंढरपूर-अक्कलकोटकडे वळतात. येथे फारसे कोणी येत नाही, म्हणून जागा निवांत. आधी वेळ विचारून घ्यावी. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. जपानी आक्रमणात होरपळणाऱ्या चीनला मदत म्हणून १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात अटल, चोळकर, बसू आणि मुखर्जी यांच्यासह कोटणीस होते. बाकीचे चौघे परतले. वडिलांच्या निधनाची वार्ता कळूनही कोटणीस तेथेच राहिले. रणभूमीजवळ शस्त्रक्रिया केल्या, विद्यार्थी शिकवले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. मूल चार महिन्यांचेही झाले नव्हते, तोच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. वय ३२. झटके येत असतानाही त्यांनी काम सोडले नव्हते. चीनमधील शिजियाझुआंग शहरात, हुतात्म्यांच्या शांत दफनभूमीत, नॉर्मन बेथून यांच्याच आवारात त्यांची समाधी आहे. एप्रिलच्या आरंभी चिनी लोक पूर्वजांची थडगी झाडून फुले वाहतात. तेव्हा त्या समाधीवरही फुले चढतात.

तेथवर जाणे आपल्यापैकी बहुतेकांना झेपणार नाही. भैया चौकात मात्र खुर्ची मागून बसता येते. आई छायाचित्रांसमोर बसली. मी माहिती वाचून दाखवू लागले, तर तिने थांबवले. "हा सिनेमातला डॉक्टर. बाबांनी मला मांडीवर घेऊन दाखवला." व्ही. शांतारामांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' १९४६ चा. आई तेव्हा सहा वर्षांची. मग ती म्हणाली, "त्याची आई इथेच राहायची. तो काही परत आला नाही." आणि थोड्या वेळाने, "वाट पाहत असेल ती." या वेळी मी काही दुरुस्त केले नाही. "हो, पाहत असेल," एवढेच म्हटले.

दुपारी जेवणात कडक भाकरी होती. कवळी असलेल्यांनी ती आमटीत वा दुधात भिजवूनच खावी. शेंगा-चटणी रुचकर खरी, परंतु मीठ व तिखट दोन्ही भरपूर. रक्तदाब असेल तर चमचाभर पुरे. आईने दोनदा मागून घेतली आणि आम्ही दिली.

भुईकोट किल्ला आम्ही बागेतूनच पाहिला. दुहेरी तटाचा हा बहमनी काळातला किल्ला आतून पाहण्यासारखा आहे, पण वाट उंचसखल आहे आणि गुडघे आईचे आहेत. बाकावर बसून तट दिसतो, पुरेसे आहे. संध्याकाळी मात्र मुद्दाम लॉजवर न जाता सिद्धेश्वराच्या तलावाकाठी बसलो. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांचे हे स्थान. चहूकडे पाणी आणि मध्ये मंदिर. दिवे लागले, घंटा वाजू लागल्या. मी आईच्या हाताकडे पाहत होते. पिशवी मांडीवर होती, पण ती उठली नाही. पाण्यात दिव्यांच्या रेघा हलत होत्या, त्या ती मोजत होती. कितीपर्यंत मोजल्या कोणास ठाऊक. थंडी वाढली तेव्हा तिनेच म्हटले, "उठा, बाळांनो, पडसे होईल."

सोमवारी दुपारी पुण्याला परतलो. आजार होता तेथेच आहे; प्रवासाने तो बरा होईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. मंगळवारी संध्याकाळी आई पुन्हा पिशवी घेऊन दाराशी आली. फरक एवढाच की आता आम्ही तिला घर येथेच आहे असे पटवत बसत नाही. भाऊ विचारतो, "कुठल्या बाजूने जायचे, आई?" ती खुर्चीत बसते, पिशवी पायांशी ठेवते आणि सांगू लागते : माणिक चौकातून आत वळायचे, आजोबांना हात जोडायचे, मग उजव्या हाताला फुटाणेवाली.

फुटाणेवालीचा पत्ता तिला कसा राहिला, कोण जाणे. तो तर परवाचा.